पितृपक्षात सोवेटो, तेही सायकलवर

मे २०२४ मध्ये भाचीचा फोन आला. "मावशी, माझं कॉन्ट्रॅक्ट डिसेंबरात संपतंय. यायचं तर याच वर्षी." ती दोन वर्षं जोहान्सबर्गला नोकरीला होती. मी नाशिकची, चोपन्न वर्षांची, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली आणि लॉकडाउननंतर सायकलवर बसायला लागलेली. आठवड्यातून तीनदा त्र्यंबक रोड, रविवारी जमलं तर गंगापूर धरण. मी म्हटलं, "येते. पण मला सोवेटो सायकलवरून बघायचंय." सोवेटो म्हणजे जोहान्सबर्गला लागून असलेली काळ्या लोकांची मोठी वस्ती.

पलीकडे जरा वेळ आवाजच नाही. मग म्हणाली, "अगं, इथे आम्ही दूध आणायलासुद्धा गाडी काढतो."

मराठीत या प्रवासाबद्दल मला काहीच सापडलं नव्हतं. सापडले ते फक्त घाबरवणारे व्हिडिओ. म्हणून हे सगळं तारीखवार लिहून ठेवतेय, कंटाळवाण्या कागदपत्रांसकट.

जून व्हिसात गेला. भाचीचं निमंत्रणपत्र, तिच्या पासपोर्टची आणि वर्क परमिटची साक्षांकित प्रत, माझे तीन महिन्यांचे बँक स्टेटमेंट (प्रत्येक पानावर शिक्का), आयकर विवरणपत्र, विमा, जाण्यायेण्याच्या तिकिटाचं बुकिंग. साक्षांकनासाठी भाचीला वाटलं वकील शोधावा लागेल. पण दक्षिण आफ्रिकेत ते पोलीस ठाण्यात होतं, आणि फुकट होतं. ती जेवणाच्या सुट्टीत जाऊन शिक्के मारून आली. पासपोर्टला किमान दोन कोरी पानं हवीत, हे आधी मोजून घ्या.

अर्ज काळ्या शाईने भरायचा, असं स्वच्छ लिहिलेलं असतं. तीस वर्षं लोकांचे फॉर्म "निळ्या पेनाने भरलात, परत भरा" म्हणून परत करणारी मी, निळ्या पेनाने भरून घेऊन गेले! मुंबईच्या व्हिसा केंद्रातल्या मुलीने तो नुसता उलटा करून माझ्याकडे सरकवला. बाहेर झेरॉक्सवाल्याकडून काळं पेन घेतलं, पायरीवर बसून सगळा परत लिहिला. ११ जूनला अर्ज दिला, ५ जुलैला पासपोर्ट कुरिअरने घरी आला. तोवर पक्कं तिकीट काढलं नव्हतं, बुकिंग नुसतं धरून ठेवलं होतं. तसंच करा.

मुंबईहून जोहान्सबर्गला थेट विमान नाही. मला स्वस्तात मिळालं ते अदिस अबाबामार्गे, ५२,००० रुपयांत. इथे एक गोम आहे. इथिओपिया पिवळ्या तापाच्या यादीत आहे. तिथल्या विमानतळावर बारा तासांहून जास्त थांबलात तर दक्षिण आफ्रिका लशीचं कार्ड मागते. माझा थांबा चारच तासांचा होता, म्हणजे कायद्याने गरज नव्हती. पण काउंटरवरच्या माणसाशी पहाटे दोन वाजता कायद्यावर वाद घालण्यापेक्षा सुई परवडली. ऑगस्टमध्ये मुंबईच्या सरकारी केंद्रात जाऊन ३०० रुपयांत टोचून घेतली. अंड्याची ॲलर्जी आहे का, विचारतात. कार्ड टोचल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं आणि आता जन्मभर चालतं. आणि काउंटरवर ते मागितलंच.

सायकलचं बुकिंग ऑनलाइन. पहिल्या ठिकाणाहून नऊ दिवस उत्तरच नाही. मग सोवेटोच्या ऑर्लँडो वेस्ट भागातल्या एका बॅकपॅकर्स हॉस्टेलवाल्यांना लिहिलं, त्यांचं तासाभरात आलं. अर्धे पैसे आधी भरायचे होते. कार्ड तीन वेळा नाकारलं गेलं. चौथ्यांदा लक्षात आलं की परदेशी व्यवहाराचं बटण ॲपमध्ये बंद आहे. हे मी कोणत्याही जुन्या सहकाऱ्याला सांगितलेलं नाही.

एवढं सगळं झाल्यावर सासूबाईंनी कॅलेंडर काढलं. "सतरा तारखेला अनंत चतुर्दशी. म्हणजे तू अठराला, पितृपक्षात, परमुलखात उतरणार." मी म्हटलं, तिकीट बदलायला अकरा हजार लागतात. त्यांनी कॅलेंडर खिळ्याला परत लावलं.

१७ सप्टेंबरला सकाळी पंचवटी एक्स्प्रेसने निघाले. विसर्जनाच्या दिवशी मुंबईत टॅक्सी करायची नाही, एवढं शहाणपण होतं. दादरहून लोकलने पार्ले, चुलतबहिणीकडे दिवसभर, रात्री रिक्षाने विमानतळ. वाटेत दोन मंडळांमागे अडकले. तिथून पुढे आठ दिवस ते ढोल कानात राहिले.

जोहान्सबर्गला इमिग्रेशनवरच्या बाईंनी विचारलं, कशासाठी? मी म्हटलं, भाचीला भेटायला आणि सायकल चालवायला. कुठे? सोवेटोत. त्यांनी पासपोर्टवरून मान वर केली. "मामा, हेल्मेट घाला हं." तिथे आईच्या वयाच्या बाईला मामा म्हणतात. त्यानंतरचे दहा दिवस मी सगळ्यांची मामा होते. पहिले दोन दिवस प्रत्येक वेळी मला आमचा पंचाण्णव किलोचा शरदमामा आठवायचा. हेल्मेट मात्र गंमत नाही, सायकलवाल्यांना तिथे ते कायद्याने सक्तीचं आहे.

पहिले दोन दिवस भाचीच्या सोसायटीत. भिंतीवर विजेच्या तारा, दोन फाटकं, प्रत्येक घरावर सशस्त्र पहारा देणाऱ्या कंपनीची पाटी. फुटपाथवर चालणारे फक्त कामवाल्या बायका आणि माळी. मला रात्री झोप लागेना. भीती सायकलची नव्हती, त्या पाट्यांची होती. एक आनंद तेवढा मिळाला: आपल्या गिझरची जाड तीन पिनांची पिन तिथल्या भिंतीत चपखल बसते. मोबाइलच्या चार्जरची बसत नाही. म्हणजे गिझरचा प्लग लावलेली एक्स्टेंशन बोर्ड नाशिकहून नेली की काम झालं.

शनिवारी, २१ तारखेला, शहरात गाईडबरोबर पहिली फेरी. त्याच दिवशी डर्बनच्या हायवेवर बर्फ पडून रस्ता बंद झाला होता, आणि जोहान्सबर्गमध्येही बोटं ब्रेकवर आखडत होती. ब्रामफाँटेनमध्ये रंगवलेली सायकल लेन आहे, तिच्यावर गाड्या उभ्या असतात. अगदी घरच्यासारखं वाटलं. वाहतूकही आपल्यासारखीच डावीकडून, त्यामुळे डोकं उलटं करावं लागत नाही. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,७५० मीटरवर आहे, नाशिकच्या अडीच-तीनपट. नेल्सन मंडेला पुलाच्या साध्याशा चढावर मला धाप लागली आणि वय झालं असं वाटून मी खट्टू झाले. गाईडने सांगितलं, पहिले तीन दिवस सगळ्यांचं होतं.

कॉन्स्टिट्यूशन हिलवर जुना तुरुंग आहे. गांधीजी आणि मंडेला दोघेही, वेगवेगळ्या काळात, इथे कोंडलेले होते. शेजारी देशाचं घटना न्यायालय उभं आहे, आणि त्याच्या भिंतींत पाडलेल्या कच्च्या कैद्यांच्या इमारतीच्या विटा वापरल्यात. त्या लाल, कोरड्या रचलेल्या विटांवरून मी हात फिरवून आले.

रविवारी, २२ सप्टेंबरला, सोवेटो.

टाउनशिप म्हटलं की आमच्या नाशिककरांच्या डोळ्यांसमोर ओझरची एचएएल टाउनशिप येते: झाडं, क्वार्टर्स, शाळा, क्लब. तिथला अर्थ वेगळा. गोऱ्यांच्या शहराबाहेर काळ्या कामगारांना ठेवण्यासाठी आखलेली वस्ती. सोवेटो म्हणजे साउथ वेस्टर्न टाउनशिप्सचीच आद्याक्षरं, १९६३ मध्ये ठरलेलं नाव. राहणारे तिला 'कासी' म्हणतात.

भाचीने गाडीने सोडलं. शहर संपतं, मग खाणीतून काढलेल्या मातीचे फिकट पिवळे डोंगर, मग रेल्वे, मग सुकलेल्या गवताचं रिकामं रान, आणि मग एकदम घरंच घरं. गाडीतून हे पंधरा मिनिटांत सरतं आणि डोळ्यांत भरत नाही. मी गाईडला विचारलं, ही मधली जागा रिकामी का? तो सोवेटोच्याच मेडोलँड्स भागात वाढलेला, तिशीतला मुलगा. म्हणाला, "मामा, ती रिकामी नाही. ती भिंत आहे." वस्ती आणि शहर यांच्यामध्ये मोकळा पट्टा सोडायचा, आत-बाहेर करायला मोजकेच रस्ते ठेवायचे, म्हणजे गडबड झाली की चार रस्ते अडवले की झालं. त्याची आजी जोहान्सबर्ग शहरातल्या सोफियाटाउनची. १९५५ च्या फेब्रुवारीत तिथून लोकांना ट्रकमध्ये घालून मेडोलँड्सला आणायला सुरुवात झाली. रिकाम्या केलेल्या जागी गोऱ्यांसाठी वस्ती बांधली आणि तिचं नाव ठेवलं ट्रायोम्फ, म्हणजे विजय.

चार तासांच्या फेरीला जेवणासह साधारण ८०० रँड लागले, रँड तेव्हा पावणेपाच रुपयांच्या आसपास. सायकली दणकट, गिअर मात्र सगळे चालतीलच असं नाही. निघायच्या आधी अंगणात दोन चकरा मारून तपासा. माझ्या पहिल्या सायकलची साखळी दोनदा उतरली, मग सायकलच बदलून दिली. मोबाइल हँडलवर लावू नका, आतल्या खिशात ठेवा. वीस रँडच्या सुट्ट्या नोटा जवळ असू द्या.

विलाकाझी रस्ता सगळ्यांना माहीत असतो. मंडेलांचं ८११५ क्रमांकाचं घर आणि डेझमंड टुटूंचं घर एकाच रस्त्यावर, म्हणजे शांततेच्या नोबेलचे दोन मानकरी एका गल्लीत. गर्दी, दुकानं, नाचून पैसे मागणारी पोरं. तिथे मी दहा मिनिटंही थांबले नाही.

त्याच्या जवळच हेक्टर पीटरसन स्मारक. १६ जून १९७६ ला शाळकरी मुलांनी आफ्रिकान्समधून, म्हणजे गोऱ्या राज्यकर्त्यांच्या भाषेतून, शिकण्याच्या सक्तीविरुद्ध मोर्चा काढला, पोलिसांनी गोळ्या झाडल्या. हेक्टर बारा वर्षांचा होता. सॅम एन्झिमा यांनी काढलेला फोटो तुम्ही पाहिला असेल: एक मुलगा त्याला हातांवर घेऊन धावतोय, शेजारी त्याची बहीण. संग्रहालयाच्या आतल्या चौकात मेलेल्यांच्या नावांचे दगड आहेत. तिथे एक म्हातारी एका दगडापाशी वाकून, पिशवीतल्या बाटलीतलं पाणी रुमालावर ओतून तो पुसत होती. एकच दगड. मी लांबच उभी राहिले. गाईडही त्या वेळी काही बोलला नाही.

पुढे मेडोलँड्सची पुरुषांची हॉस्टेलं. खेड्यातून आलेल्या कामगारांनी बायकापोरं न आणता इथे राहायचं, शहरात राहण्या-फिरण्याच्या परवानगीचा पास जवळ बाळगायचा. पासचा कायदा १९८६ पर्यंत होता. माझे मोठे काका परळला गाळ्यात राहायचे, अठरा माणसांत एक खोली, खानावळीचं जेवण, बायको गावी. म्हणून मला वाटलं, हे आपल्याला माहितीय. तसं गाईडला सांगितलंही. तो म्हणाला, "काकांना बायकोला आणायचं असतं तर पोलीस आले असते?" नसते आले. मग मी तुलना करायची थांबवली.

ऑर्लँडोच्या वीजकेंद्राचे दोन प्रचंड, चित्रांनी रंगवलेले मनोरे सारखे कुठून ना कुठून दिसत राहतात. आता त्यांच्यामधून लोक दोरीला बांधून उड्या मारतात. केंद्र १९९८ मध्ये बंद झालं. इथली वीज जायची जोहान्सबर्गला. त्यांच्या सावलीतल्या बहुतेक घरांत मात्र कितीतरी वर्षं कोळशाच्या शेगड्या आणि मेणबत्त्या. नाशिक रोडच्या प्रत्येक माणसाने एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची धुरांडी बघत भारनियमन काढलंय, पण आपल्याला निदान पाळी तरी होती.

एका शेबीनमध्ये, म्हणजे घरगुती गुत्त्यात, उंबरठ्याजवळ बाकावर बसवून भोपळ्याच्या तुंब्यातून उमकोंबोथी दिली. मका आणि ज्वारी आंबवून केलेली, गढूळ, आंबट. तोंडाला लावली आणि थेट आंबील आठवली. फक्त ही चढते. मी दोन घोट घेतले, कारण समोर चढ होता.

आणि त्या चढाने माझी लाज काढली. दुपारी दोनची वेळ, खालून वर ऑर्लँडो वेस्टकडे. अर्ध्यात उतरले आणि सायकल ढकलू लागले. चर्चमधून परतणारी, लाल ब्लाउज आणि पांढऱ्या टोपीतली एक आजी (तिकडे गोगो म्हणतात) माझ्या बाजूने चालायला लागली. तिने माझ्या हँडलला एका बाजूने हात लावला, तोही असा की मदत केल्यासारखं दिसू नये. विचारलं, "लेन्झची का तू?" मला कळेना. गाईडने सांगितलं, लेन्झ म्हणजे लेनेशिया, सोवेटोच्या पलीकडची, रंगभेदाच्या काळात भारतीयांसाठी वेगळी काढलेली टाउनशिप. म्हणजे माझ्यासारख्या दिसणाऱ्यांसाठीही तिथे एक कप्पा तयार होता. मी म्हटलं, नाही, भारतातली. गोगो म्हणाली, "मग इतक्या लांब येऊन ढकलतेयस का? बस की वर." आणि खूप हसली.

जेवणात पाप, चकालाका आणि मोरोगो. पाप म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, हाताने मोडून खायची. चकालाका म्हणजे टोमॅटो-मिरचीची तिखट भाजी. मोरोगो म्हणजे रानची पालेभाजी, चव आणि तंतू आपल्या माठासारखे. शाकाहारी लोकांनी बुकिंग करतानाच कळवा, नीट सोय करतात.

मंगळवारी, २४ तारखेला, हेरिटेज डेची सार्वजनिक सुट्टी. मी पुन्हा गेले. हे आधी ठरलं नव्हतं, पण रविवारनंतर सोसायटीत बसवेना. त्याच गाईडबरोबर क्लिपटाउन, नदीकाठाने सात-आठ किलोमीटर जायचे आणि तितकेच यायचे. घरोघरी अंगणात निखारे, मटणाचा धूर, पोरीबाळी मण्यांचे दागिने घालून. ऑर्लँडो वेस्टमध्येच 'बेव्हर्ली हिल्स' म्हणतात असा भाग आहे, दुमजली घरं आणि मर्सिडिजवाला. तिथून निघून काडेपेटीसारख्या सरकारी घरांच्या रांगा, मग पत्र्याच्या खोल्या. हे तिन्ही मला डांबरावरून कळत होतं: गुळगुळीत, मग ठिगळांचं, मग मातीच.

मिनीबस टॅक्सीवाल्यांना सांभाळा. ते कुठेही थांबतात, आणि लोक बोटांच्या खुणांनी त्यांना थांबवतात. तर्जनी वर म्हणजे शहरात जायचंय, खाली म्हणजे इथल्या इथे. मी वळायचं म्हणून हात काढला आणि माझ्यासाठी एक गाडी करकचून थांबली.

क्लिपटाउनच्या मैदानावर २६ जून १९५५ ला देशभरातून आलेल्या सुमारे तीन हजार प्रतिनिधींनी रंगभेदाविरुद्धची स्वातंत्र्याची सनद (फ्रीडम चार्टर) मंजूर केली. आता तिथे वॉल्टर सिसुलू चौक आहे, काँक्रीटचा, भव्य. त्याची वाईट मोडतोड झालीय, गाळे रिकामे, तारा उपटलेल्या. रूळ ओलांडून पलीकडे गेलं की पत्र्याची वस्ती, सार्वजनिक नळ, प्लास्टिकचे फिरते संडास. सनदेत घराचं वचन आहे. पुलावर उभं राहिलं की दोन्ही एकदम दिसतं.

पलीकडे उतरल्यावर शंभर मीटरवर माझं मागचं चाक बसलं. टायरमधून काटा काढला आणि मी ओरडलेच, "सराटा!" अगदी तोच, दोन शिंगांचा, आपल्या माळावर चपला फाडणारा. गाईड म्हणाला, डुव्हलकी. आफ्रिकान्समध्ये सराट्याचं हे नाव. आठ-दहा पोरं गोळा झाली. एकाने ट्यूब बादलीत बुडवून बुडबुडे दाखवले, दुसऱ्याने घासलं, गाईडने ठिगळ लावलं. त्यांच्यात नऊ वर्षांचा एक पोरगा असा होता की त्याने माझ्याकडचा पंप घेतला आणि माझ्याकडे न बघता शेवटपर्यंत हवा भरली. दोन ठिगळं आणि सोल्यूशन घरूनच न्या, तिथे दर दुकानात मिळत नाही.

पोरांना काय द्यावं, हे गाईडला विचारलं. त्याने पैसे देऊ दिले नाहीत. कोपऱ्यावरच्या टपरीवरून दोन कोटा घेऊन वाटले. कोटा म्हणजे पाव पोखरून त्यात चिप्स, पोलनी (मांसाच्या सॉसेजचे काप), चीज आणि वर लोणचं. लोणच्याला शब्दही तोच, 'अचार'. कैरीचं, तेलातलं. मी पोलनी काढून खाल्लं. टपरीवालीला सांगितलं की हा शब्द आमचा. ती ठामपणे म्हणाली, छे, हा कासीचा आहे.

२९ सप्टेंबरला नाशिकला पोचले. पितृपक्ष संपायला अजून तीन दिवस होते. गाईडने व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला होता: चढ, मी, सायकल, आणि हँडलला हात लावलेली गोगो. खाली लिहिलेलं, 'मामा, पुढच्या वेळी बसून या.' सासूबाईंनी चष्मा लावून तो लांब धरून बघितला, आणि विचारलं, "आणि यात मामा कुठला?"